तीन खोके, सव्वीस पेंग्विन आणि अण्णा: गोठवलेल्या बारीक मासळीचं वर्षभराचं परीक्षण

पहाटे पाचला शीतखोलीतून परात ओढायची, वरचं प्लास्टिक बाजूला करायचं आणि नाक खाली न्यायचं. अकरा वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. मी एका सागरी प्राणिसंग्रहालयाच्या मासेखोलीत काम करते. मासेखोली म्हणजे आमचं स्वयंपाकघर, फक्त तिथे शिजत काही नाही. जेवणारी मंडळी म्हणजे 26 हम्बोल्ट पेंग्विन आणि 5 हार्बर सील. सीलांमध्ये एक म्हातारा, एका डोळ्याने अधू आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत खडूस. त्याला आम्ही अण्णा म्हणतो.

गेल्या वर्षी आमचा मासळीचा पुरवठादार बदलला. नव्याकडून तीन प्रकारचे खोके येतात: हेरिंग, कॅपलिन आणि अँकोव्ही. बारा महिने वापरून झाले, हजारो मासे हाताखालून गेले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही. जे मला खटकलं ते याच्याच खोक्यात असतं असं नाही, आधीच्याही दोघांकडे होतं.

आधी हेरिंग, कारण आमचा निम्म्याहून जास्त डोलारा तिच्यावर आहे. दहा किलोचा खोका, मासे सुटे गोठवलेले, एकमेकांना चिकटलेले नाहीत. ज्याने कधी सकाळी सहा वाजता बर्फाच्या लादीतून मासे सुरीने उचकटलेत त्यालाच या सुटेपणाची किंमत कळेल. लादी फोडताना निम्म्या माशांची पोटं फाटतात, आणि पोट फाटलेला मासा म्हणजे पाण्यात विरघळत जाणारी चरबी आणि मागे राहणारा तवंग. एका खोक्यातले मासे मी मोजून पाहिले होते. 140 निघाले, त्यातले 6 फुटके. हे प्रमाण चांगलं आहे. खवले जागच्या जागी, डोळा आत गेलेला नाही, कल्ल्यांचा लाल रंग अजून दिसतोय, पाठ दाबली तर खड्डा राहत नाही. हाताला चंदेरी मुलामा लागतो तो साबणानेही पटकन जात नाही. ती चमक ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांची. एके काळी हेरिंगच्या खवल्यांतून ती काढून खोट्या मोत्यांना चढवत. थव्यातल्या माशाला मात्र ती लपण्यासाठी लागते, कारण अंगावर आरसा असला की पाण्याचा रंग तोच आपला रंग.

आकाराबद्दल तक्रार आहे. मागणी 15 ते 18 सेंटिमीटरची, येतात 22 चे. पेंग्विन मासा तोडत नाही, अख्खा गिळतो, तोही डोक्याकडून. खवले आणि पर मागच्या बाजूला झुकलेले असतात, उलटा गिळला तर घशात अडकणार. म्हणून आम्हीही मासा डोकं पुढे करूनच देतो. नवीन आलेली मुलं शेपटीकडून देतात आणि पेंग्विन तो मासा खाली टाकून, पुन्हा नीट पकडून गिळतो, वर आमच्याकडे असा बघतो की आपणच लाजावं. 22 सेंटिमीटरची हेरिंग लहान चणीच्या मादीला जड जाते. ती चोचीत धरून दोन मिनिटं उभी राहते आणि सोडून देते. मोठे मासे मग सीलांकडे जातात, त्यामुळे वाया काही जात नाही, पण निवडायला रोज अर्धा तास जातो.

तरीही हेरिंगला साडेचार तारे. कारण चरबी. आम्ही प्रत्येक नव्या लॉटमधला नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. शरद ऋतूत पकडलेल्या हेरिंगचा आकडा आला 100 ग्रॅमला 210 कॅलरी. त्याच आठवड्यात आलेल्या कॅपलिनचा 95. दोन्ही मासे चंदेरी, दोन्ही थव्याने राहणारे, दोन्ही बादलीत सारखेच दिसणारे. पण पेंग्विनच्या पोटात एक किलो हेरिंग आणि सव्वादोन किलो कॅपलिन यांची तुला बरोबर होते. माझे काका म्हणतात, "पेंग्विनला काय, टाकला मासा की खाल्ला." त्यांना मी हे दोन आकडे सांगते.

हा फरक समुद्रात केवढा महाग पडतो याचं उदाहरण आमच्या खोलीतल्या भिंतीवर मीच लिहून चिकटवलंय. अलास्काच्या पश्चिम भागातले स्टेलर समुद्रसिंह 1970 च्या दशकापासून तीसेक वर्षांत 80 टक्क्यांहून जास्त घटले. नक्की कशामुळे, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण एक मुद्दा आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटतो. त्यांच्या खाण्यात हेरिंगसारख्या तेलकट माशाऐवजी पोलॉक हा कमी चरबीचा मासा वाढला होता. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळलेल्या समुद्रसिंहांना हेरिंगवरून पोलॉकवर आणलं, तर हवा तितका मासा समोर असूनही त्यांचं वजन उतरलं. तेवढीच ऊर्जा मिळवायला त्यांना 35 ते 80 टक्के जास्त पोलॉक खावा लागला असता. पोटाला काही अंत असतो की नाही? आणि पिल्लांचं पोट तर आणखी लहान.

आता कॅपलिन. हा उत्तरेकडच्या थंड समुद्रातला बोटभर ते वीतभर मासा. अंडी घालायला थव्याच्या थव्याने किनाऱ्यावर येतो, न्यूफाउंडलंडला तर लाटेबरोबर अक्षरशः वाळूवर लोळतो. त्याच्यामागे हंपबॅक देवमासे, कॉड मासे, पफिन पक्षी सगळे येतात. अंडी घालण्याआधी मादीचं पोट गाबोळीने टम्म फुगलेलं असतं. आमच्याकडे येतात ते बहुतेक याच वेळचे. कॅपलिनमध्ये पाणी जास्त, चरबी कमी, आणि आम्हाला ते मुद्दाम लागतं. सीलांना आम्ही प्यायला पाणी ठेवत नाही, त्यांचं पाणी माशातूनच येतं. शिवाय उन्हाळ्यात सीलांची भूक आणि वजन आवरायचं असतं तेव्हा कॅपलिनने बादली भरते आणि अंगावर चढत नाही.

इतकं सगळं ठीक. पण गेल्या वर्षीचा तिसरा लॉट! खोका उघडला तेव्हाच शंका आली. मासे लांब, चपटे, पोट रिकाम्या थैलीसारखं लोंबणारं. म्हणजे अंडी घालून झालेले. या माशांनी अंगातली सगळी पुंजी गाबोळीत घातलेली असते आणि अंडी घातल्यावर त्यातले बहुतेक मरतातच. अशा माशात उरतं काय? पाणी आणि काटे. परातीत बर्फ सुटायला ठेवले तर सकाळी निम्म्यांची पोटं फुटलेली. अण्णाने पहिला तोंडात घेतला, चघळल्यासारखं केलं आणि थुंकला. दुसरा घेतलाच नाही. मी त्याच दिवशी पुरवठादाराला फोन केला, तर समोरचा म्हणाला, "ताई, खोक्यावर तारीख बघा, सगळं मुदतीत आहे."

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. खोक्यावर छापलेली तारीख ही खोका भरल्याची. मासा कोणत्या महिन्यात पकडला ते कुठेच नाही. आणि या बारीक मासळीत महिनाच तर सगळं ठरवतो. त्याच समुद्रातली, त्याच जातीची हेरिंग अंडी घातल्यानंतर 5 टक्के चरबीवर येते आणि चरून झाल्यावर 20 टक्क्यांच्या घरात जाते. फक्त जात छापून महिना न छापणं म्हणजे डब्यावर नुसतं 'धान्य' लिहिण्यासारखं.

नेमकं त्याच काळात आमचे पेंग्विन पिसं टाकायच्या बेतात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो. नवी पिसं येईपर्यंत अंग पाणी अडवत नाही, म्हणून समुद्रातला पेंग्विन त्या दोन-तीन आठवड्यांत पाण्यात उतरत नाही. पाण्यात नाही म्हणजे जेवण नाही. म्हणून आधीचे काही आठवडे तो अधाशासारखा खातो आणि चरबी साठवतो. आमच्याकडचा सव्वाचार किलोचा पक्षी या काळात साडेपाच किलोच्या पुढे जातो. केंद्रातल्या पेंग्विनच्या पुढ्यात मासा असतो, पण अंगातलं घड्याळ तेच, पिसं गळायला लागली की तो चोच फिरवतो.

त्या आठवड्यात हेरिंगचा लॉट उशिरा येणार होता आणि शीतखोलीत उरला होता तो हाच गळपटलेला कॅपलिन. बादल्या रोजच्यापेक्षा जड जात होत्या. पेंग्विन खात होते, कुणी तक्रार करत नव्हतं. मी मात्र दर मंगळवारी वजन घेते. पिवळ्या पट्टीची मादी (प्रत्येकाच्या पंखाला रंगीत पट्टी असते, तीच त्यांची नावं) दोन मंगळवार 4.3 वरच थांबली. तिसऱ्या मंगळवारी 4.2. मी वजनकाटा बदलून पाहिला, मग माझंच वजन करून पाहिलं. काट्यात काही दोष नव्हता. खात होती आणि उतरत होती. शेवटी दुसऱ्या एका केंद्राकडून चार खोके हेरिंग उसनी आणली, चांगली जाड पाठीची. पुढच्या मंगळवारी 4.7. पिसं टाकायला ती इतरांपेक्षा नऊ दिवस उशिरा बसली, पण धडधाकट बसली.

उत्तर समुद्रात 2004 साली उसनं देणारं कुणी नव्हतं. स्कॉटलंडजवळच्या आयल ऑफ मे बेटावर गिलेमॉट पक्षी कड्यांवर वसाहत करतात. त्या वर्षी आईबाप पिल्लांना मासे आणत होते, जास्त करून स्प्रॅट, हेरिंगचा छोटा भाऊबंद. अभ्यासकांनी ते मासे तपासले तर त्यांच्यात ऊर्जा नेहमीपेक्षा फारच कमी निघाली. तो विणीचा हंगाम सपशेल फसला. त्याच सुमाराला पफिन आपल्या पिल्लांना सापासारखे लांबट पाइपफिश आणून देत होते, नुसती हाडं आणि कातडी, गिळताना पिल्लं गुदमरायची. दुरून दुर्बिणीने बघणाऱ्याला काय दिसणार? आई चोचीत मासा घेऊन येतेय.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 2015-16 मध्ये समुद्र विलक्षण तापला आणि कॉमन मर जातीचे सुमारे 62,000 मेलेले पक्षी किनाऱ्याला लागले, उपासमारीने खंगलेले. न सापडलेले किती असतील? 2024 च्या एका अभ्यासाने अलास्कातले एकंदर मृत पक्षी 40 लाखांच्या घरात मोजले. गरम पाण्यात कॅपलिन, सँड लान्स, हेरिंग सगळेच कमी आणि निकस झाले होते. हे वाचलं त्या दिवशी मी कॅपलिनच्या खोक्याकडे जरा नरमाईने पाहिलं. त्या माशाचाही काही दोष नसतो. पण तारे अडीचच.

तिसरा खोका अँकोव्हीचा. मांदेलीच्या कुळातला मासा, तोंड मात्र डोळ्यांच्या बरंच मागेपर्यंत फाटलेलं. तो फाटलेला जबडा उघडून हा पोहत राहतो आणि कल्ल्यांच्या गाळणीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो. आमच्या पेंग्विनांना हाच मासा सगळ्यांत 'घरचा'. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरच्या रानटी हम्बोल्ट पेंग्विनांचं जेवण मुख्यतः अँकोव्ही. तिथे खोलातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर बारीक जीव वाढतात आणि अँकोव्ही हे प्लवक सरळ खातो. मधले दलाल कमी. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर साधारण नऊ दशांश ऊर्जा उडून जाते, त्यामुळे पायऱ्या जितक्या कमी तितकं पेंग्विनच्या ताटात जास्त पडतं.

अँकोव्ही आला की तळ्याभोवती जो गलका होतो तो हेरिंगला होत नाही. आकार नेमका, दोन सेकंदांत घशाखाली. मात्र हा मासा अतिशय नाजूक. गोठवण्यापूर्वी जरा उशीर झाला की पोटातलेच रस पोट फाडतात. आमच्या खोक्यांत पाचात एक फुटका निघाला. खवले तर हात लावताच निघून येतात. तळ्याची गाळणी सांभाळणारा आमचा सहकारी अँकोव्हीच्या दिवशी माझ्याशी बोलत नाही. सुटं करायला शीतकपाटात 4 अंशांवर रात्रभर ठेवावं लागतं. एका नव्या मुलाने घाई म्हणून खोका पाण्याच्या टबात ओतला. पाण्यात सुटतो लवकर, पण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि क्षारही त्या टबात जातात. त्याला रागावले नाही, टबातलं पाणी दाखवलं. पुन्हा केलं नाही त्याने.

जीवनसत्त्वांचा विषय निघालाच आहे तर थोडं जास्त बोलते, कारण खोक्यावर याबद्दलही अवाक्षर नाही. हेरिंग, कॅपलिन, अँकोव्ही या तिघांच्याही अंगात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं, आणि मासा गोठवल्यावरही त्याचं काम चालूच राहतं. नुसत्या अशा माशांवर ठेवलेल्या प्राण्याला काही काळाने झटके येऊ लागतात, मान वाकडी होते. म्हणून आम्ही मासळीच्या किलोमागे 25 ते 30 मिलिग्रॅम ब-1 आणि 100 युनिट ई जीवनसत्त्व देतो. गोळी माशाच्या कल्ल्याखाली सारायची आणि तो मासा सगळ्यांत आधी, लगेच द्यायचा. आदल्या रात्री गोळ्या भरून ठेवल्या तर रात्रभरात मासाच त्यांतलं ब-1 खाऊन टाकतो!

हे फक्त बंदिस्त प्राण्यांचं दुखणं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग बाल्टिक समुद्रातल्या सॅमनबद्दल कळलं. तिथे 1974 पासून सॅमनची पिल्लं अंड्यातून निघून मरण्याचा एक रोग ओळखला गेला, आणि त्याचं मूळ आईच्या ब-1 च्या कमतरतेत निघालं. आई बाल्टिकमध्ये मुख्यतः स्प्रॅट खाऊन लठ्ठ होते. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या चिनूक सॅमनमध्येही तेच दिसलं. तिथे अँकोव्हीचा सुकाळ झाला होता आणि सॅमन दुसरं फारसं काही खात नव्हते. म्हणजे दुष्काळ नाही, उलट ताट काठोकाठ, पण एकाच माशाचं. मी तीन खोके मागवते, एकच स्वस्त आणि सोयीचा मागवत नाही, ते यासाठी. हिशेब बघणारे साहेब दर वर्षी विचारतात. आता त्यांना बाल्टिकची गोष्ट पाठ झाली आहे.

अँकोव्हीला साडेतीन तारे. अर्धा तारा मी मनातल्या मनात कापते, त्याचं कारण खोक्यात नाही. आमच्याकडे पेंग्विनांना दिवसाला साधारण 13 किलो आणि सीलांना साडेसतरा किलो मासळी लागते. वर्षाचे झाले 11 टन. समुद्रातल्या उलाढालीपुढे हे काहीच नाही. पेरूच्या अँकोव्हीची पकड 1970 च्या सुमाराला वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली होती, आणि 1972 च्या एल निन्योत ती कोसळली. तिच्याबरोबर त्या किनाऱ्यावरचे पाणकावळे, बूबी आणि पेलिकन हे पक्षीही उपाशी मेले. तरी खोका फोडताना मनात येतंच की हा मासा त्याच रांगेतल्या कुणाच्या तरी ताटातला आहे. नामिबियात सार्डिन संपले तेव्हा तिथल्या पेंग्विनांना निकस गोबी माशावर भागवावं लागलं. आफ्रिकन पेंग्विन 2024 पासून 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे, आणि त्याच्या हलाखीत सार्डिन-अँकोव्हीच्या टंचाईचा मोठा वाटा आहे. 2011 साली सात सागरी प्रदेशांतल्या 14 जातींच्या पक्ष्यांची आकडेवारी एकत्र मांडली गेली. त्यात असं दिसलं की बारीक मासळीचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची वीण घसरायला लागते. मी पुरवठादाराला विचारलं होतं की ही अँकोव्ही कुठल्या समुद्रातली, तिथे किती पकडायची यावर मर्यादा आहे का. उत्तर आलं ते खोक्याचं माप आणि पोहोचवण्याचा दिवस.

एक गोष्ट कुठल्याच खोक्यात मिळत नाही, ती म्हणजे पळणारा मासा. रानातले पेंग्विन थव्याभोवती गोल गोल पोहून, खालून वर रेटत त्याचा चेंडू करतात आणि मग एकेक टिपतात. हंपबॅक तर हेरिंगभोवती बुडबुड्यांची जाळी विणतात. आमचा मासा तळ्यात टाकला की सरळ बुडतो. आम्ही तो तळ्याच्या चार कोपऱ्यांतून, वेळ बदलून, मूठभर एकदम फेकतो, तेवढाच व्यायाम. याचे तारे कापणं अन्याय होईल.

या महिन्यात करार पुन्हा करायचा होता. हेरिंग आणि अँकोव्ही कायम ठेवले. कॅपलिनसाठी कागदावर अट घातली: पकडल्याचा महिना खोक्यावर हवा, नाहीतर खोका दारातूनच परत. पुरवठादाराने कुरकुर केली, दोन आठवडे फोन उचलला नाही, मग सही केली. परवा पहिला खोका आला. एका कोपऱ्यात पेनाने महिना लिहिलाय, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण लिहिलाय. माद्यांची पोटं भरलेली, हाताला घट्ट. अण्णाने पहिला मासा घेतला, थांबला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडं ठेवून बसला.